सोलापूरची थंडी आणि रब्बीचं रान: हवामानाचा अंदाज वाचायचा कसा आणि त्यावर काम कसं करायचं

सोलापूर जिल्हा रब्बीचा. ज्वारी, हरभरा, गहू, करडई, कांदा आणि त्यांच्या जोडीला द्राक्ष, डाळिंब, ऊस. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या हवेवर या सगळ्यांचं गणित बसतं, नाहीतर बिघडतं. अलीकडे शहरातली नोकरी सोडून घरचं रान हाती घेतलेली बरीच मुलं-मुली भेटतात. त्यांच्या फोनवर दिवसाला पाच-दहा अंदाज येऊन पडतात. एकात कडाक्याची थंडी असते, दुसऱ्यात अवकाळी, तिसऱ्यात दोन्ही. मग ऐकायचं कुणाचं, हा प्रश्न पडतोच.

मोहोळ तालुक्यात माझी ज्वारी आणि थोडी द्राक्षबाग आहे. इतक्या हंगामांत एक गोष्ट पक्की कळली. हंगामी अंदाज बेत ठरवायला असतो, दोन-चार आठवड्यांचा तयारीला आणि पाच दिवसांचा प्रत्यक्ष कामाला. एकाचं काम दुसऱ्यावर ढकललं की घोटाळा होतो. त्यामुळे पुढच्या पायऱ्या हाच क्रम धरून लिहिल्या आहेत.

हाताशी काय हवं

- कमाल-किमान तापमापक. शेतीसाहित्याच्या किंवा प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानात मिळतो.
- साधा पर्जन्यमापक, एक वही आणि पेन
- फोनमध्ये मेघदूत (शेतीचा सल्ला), मौसम (अंदाज) आणि दामिनी (विजांचा इशारा) ही तीन सरकारी ॲप. मेघदूतमध्ये भाषा मराठी आणि जिल्हा सोलापूर निवडा.
- ओल तपासायला पहार किंवा टिकाव
- ताडपत्री. गंजी झाकून वर हातभर उरेल एवढी घ्या.
- कागदपत्रं: सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक, ई-पीक पाहणी केल्याची नोंद. फोटो काढून फोनमध्ये ठेवा आणि एक छापील संच घरी ठेवा.

१. थंडीच्या आधी जमिनीतली ओल बघा

आपल्याकडे हिवाळ्याचा अंदाज सप्टेंबरातच सुरू होतो. जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यात सप्टेंबरचा वाटा मोठा. जिरायत ज्वारी त्याच पावसावर येते. काळ्या भारी जमिनीने पोटात धरलेली ओल पीक चार महिने पुरवून खातं. म्हणून थंडी किती पडेल हे विचारण्याआधी पाणी किती मुरलंय ते बघा.

रानात तीन-चार ठिकाणी पहारीने हात-दीड हात खोल खणा. खालची माती मुठीत दाबली की गोळा होतो का? उंचावरून सोडल्यावर तो फुटून विखुरतो की चेंडूसारखा राहतो? गोळा होतो पण पडल्यावर फुटतो, तो वाफसा. खालपर्यंत अशी ओल असेल तर कोरडी, थंड हवा ज्वारीला मानवते. हातभर खाली कोरडं लागलं, तर थंडी कितीही चांगली पडो, जानेवारीत पीक खडखड्या रोगाला (खोड आतून वाळून ताटं लोळतात) बळी पडू शकतं. अशा रानात कोळपणी चुकवू नका. पहिली तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्या आणि तिसरी आठव्या आठवड्यात, तीही दातेरी कोळप्याने. शेवटच्या कोळपणीने भेगा बुजतात आणि ओल उडून जायची थांबते.

वाणही जमिनीच्या खोलीवरच ठरतो. हलक्या रानाला फुले अनुराधा किंवा फुले माऊली, मध्यमला फुले सुचित्रा किंवा आपली जुनी मालदांडी, भारीला फुले वसुधा.

२. हंगामी अंदाज: नकाशाच्या रंगाला भुलू नका

नोव्हेंबर सरताना किंवा डिसेंबर लागताच भारतीय हवामान विभाग डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज जाहीर करतो. त्यात देशाचा नकाशा असतो, निळ्या-तांबड्या छटांचा. सगळ्यात जास्त गैरसमज याच नकाशाचे होतात.

तो नकाशा किती अंश तापमान असेल ते सांगत नाही. सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतकं आणि सरासरीपेक्षा जास्त, अशा तीन खान्यांपैकी कोणत्या खान्याची शक्यता जास्त, एवढंच त्यात असतं. काहीच माहिती नसती तर प्रत्येक खान्याला ३३ टक्के आले असते. तुमच्या भागावर किमान तापमान सरासरीपेक्षा कमी राहण्याची शक्यता ४५ टक्के दिसली, तर पारडं थंडीकडे झुकलंय खरं, पण उरलेले ५५ टक्के बाकीच्या दोन खान्यांत आहेत. बातमीत मात्र तेच "यंदा हाडं गोठवणारी थंडी" होऊन येतं.

दुसरी गोष्ट, हा सरासरीचा हिशोब तीन महिन्यांचा आहे. सगळा हंगाम उबदार जाऊनही डिसेंबरात चार रात्री कडक पडू शकतात, आणि बागेचं नुकसान त्या चार रात्रींतच होतं.

ला निनाचंही (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड होण्याची स्थिती) तसंच. ला निना म्हणजे थंडी, हे समीकरण सोलापूरला जसंच्या तसं लागू होत नाही. २०२० पासून सलग तीन हिवाळे ला निना होती. त्यातल्याच मधल्या हिवाळ्यात, डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला, अवकाळी पावसाने राज्यातल्या द्राक्षपट्ट्याचं कंबरडं मोडलं. आपल्याकडे थंडी पडायला उत्तरेचा कोरडा वारा आणि निरभ्र आकाश लागतं. बंगालच्या उपसागरावरून दमट वारा सुरू झाला की आभाळ येतं आणि रात्रीचा पारा चढतो, मग प्रशांत महासागरात काही का असेना.

हंगामी अंदाजावरून तीनच गोष्टी ठरवा: गव्हाचं क्षेत्र किती ठेवायचं, रोगाच्या फवारणीसाठी पैसे किती राखून ठेवायचे, आणि विम्याचं काय करायचं. तारखा यावरून ठरवू नका.

३. "मध्य महाराष्ट्र" म्हणजे नेमकं कुठे?

नवख्यांची हमखास फसगत इथे होते. हवामान विभागाच्या हिशोबात सोलापूर "मध्य महाराष्ट्र" या उपविभागात येतं. हा उपविभाग वर नंदुरबार-धुळ्यापासून खाली कोल्हापूरपर्यंत पसरलाय. "मध्य महाराष्ट्रात थंडीची लाट" अशी बातमी आली की बहुतेक वेळा ती धुळे, जळगाव, नाशिक, निफाडची असते. तिथे पारा ६-७ वर असताना सोलापुरात १३-१४ असू शकतो.

म्हणून उपविभागाच्या बातमीवर न थांबता सोलापूर जिल्ह्याचं पान उघडा. बार्शी, करमाळ्याकडचे असाल तर शेजारच्या धाराशिवचा अंदाजही वाचा, तो मराठवाड्यात मोडतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढ्याकडचे असाल तर विजयपूर आणि कलबुर्गीचा वाचा. हिवाळ्यातलं आभाळ बहुधा त्याच अंगाने आपल्याकडे येतं, त्यामुळे तिकडे पाऊस सांगितला असेल तर तुम्हाला थोडी सवड मिळते.

४. गुरुवार, मंगळवार, शुक्रवार

दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. त्यातले पहिले दोन आठवडे कामाचे, पुढचे दोन नुसते नजरेखालून घाला. पहिल्या दोन आठवड्यांत पावसाचा इशारा असेल तर औषधं, ताडपत्री, मजूर यांची जुळवाजुळव तेव्हाच करा. ढग डोक्यावर आले की दुकानात रांग लागते.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा पाच दिवसांचा कृषी हवामान सल्ला निघतो. मेघदूतवर तो मराठीत मिळतो. पाऊस, कमाल-किमान तापमान, आर्द्रता, वारा, ढग यांचा तक्ता असतो आणि खाली पिकांचा सल्ला. लोक नुसता पाऊस बघतात. तुम्ही ढगांचा आणि सकाळच्या आर्द्रतेचा रकाना आधी बघा. हिवाळ्यात आपली पिकं पावसापेक्षा ढगाळ हवेनेच जास्त वेळा अडचणीत येतात.

शब्दांचे अर्थही ठरलेले आहेत. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त चौथ्या हिश्श्यातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर. "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे पाऊण हिश्श्यापर्यंत. तुरळक पाऊस सांगितला आणि तुमच्या रानात थेंबही आला नाही, म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. इशाऱ्याचे रंग: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा.

५. स्वतःच्या रानाचा पारा स्वतः मोजा

माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच.

अंदाजातला आकडा जिल्ह्याचा आणि वेधशाळेतल्या नोंदीशी जुळवलेला असतो. तुमचं रान तसं नसतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते, थंड हवा जड होऊन उताराने खाली सरकते आणि ओढ्याकाठच्या, खोलगट रानात साठते. माळावरच्या वस्तीत १२ असताना खालच्या बागेत ९ असू शकतो. भीमा-सीनेच्या काठची, कॅनॉलखालची रानं, सगळीकडे फरक वेगळा. तो तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

तापमापक रानातल्या सगळ्यात सखल जागी लावा, छातीएवढ्या उंचीवर. वरून सावली हवी, चारही बाजूंनी हवा खेळती हवी. पत्र्याच्या शेडला किंवा विहिरीच्या कठड्याला टांगू नका. सकाळी साडेआठला वाचा. दोन नळ्यांमध्ये दोन काड्या अडकलेल्या दिसतील. काडीचं खालचं टोक, म्हणजे पाऱ्याकडचं टोक ज्या रेघेवर आहे तो आकडा घ्यायचा. डाव्या नळीत रात्रीचं किमान असतं. तिथले आकडे वरून खाली वाढत जातात, म्हणून पहिले काही दिवस गोंधळ होतो. वाचून झालं की बटण दाबून किंवा चुंबकाने काड्या परत पाऱ्यावर टेकवा. हे राहिलं तर दुसऱ्या दिवशी आदल्याच रात्रीचा आकडा मिळतो.

वहीत चार रकाने पाडा: तारीख, अंदाजातलं किमान, माझ्या रानातलं किमान, आभाळ. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसायला लागेल. निरभ्र रात्री तुमचं रान तीन अंशांनी खाली जातं असं कळलं, की पुढे अंदाजात १२ दिसल्यावर तुम्ही ९ धरून चालाल.

हा आकडा का महत्त्वाचा, तेही बघा. मैदानी भागात थंडीची लाट जाहीर व्हायला किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली लागतं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असावं लागतं. सोलापूरची डिसेंबर-जानेवारीतली किमान सरासरी १५-१६ च्या घरात. पारा ११ वर आला तर लाट जाहीर होणार नाही, पण तुमच्या खोलगट बागेत तेव्हा ८ असेल. इशाऱ्याची वाट बघत बसलात तर ती रात्र निघून जाते.

६. पिकाची अवस्था आणि हवा जुळवून बघा

एकच हवा एकाला मानवते आणि दुसऱ्याला मारते. "यंदाची थंडी चांगली का?" असं कुणी विचारलं तर मी आधी रानात काय आहे ते विचारतो.

ज्वारी: १ ऑक्टोबरची पेरणी असेल तर पोटरी (कणीस पानाच्या पोटात असतानाची अवस्था) नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि फुलोरा डिसेंबरच्या मध्यावर येतो. वेळ अमावस्येला रानात पूजा मांडायला जाता तोपर्यंत कणसं निसवलेली असतात. फुलोऱ्यात पारा १० च्या खाली गेला तर दाणा भरण्यावर परिणाम होतो. ढगाळ हवा टिकली तर मावा आणि पानावर चिकटा येतो. एकच पाणी देता येत असेल तर ते पोटरीत द्या, पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी.

हरभरा: थंडी त्याला आवडते, आभाळ नाही. दोन-तीन दिवस ढगाळ राहिलं की घाटे अळीसाठी रोज रान फिरा. हेक्टरी ५ कामगंध सापळे आणि पक्षीथांबे आधीच लावून ठेवा, अळी दिसल्यावर नाही.

गहू: हे थंडीचंच पीक. बागायती पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. डिसेंबर उजाडेपर्यंत लांबली तर दाणा भरताना फेब्रुवारीचं ऊन गाठतं, आणि सोलापूरचं फेब्रुवारीचं ऊन म्हणजे तिशीच्या बरंच वर.

कांदा: धुकं, दव आणि ढग एकत्र आले की करपा (पात वाळवणारा रोग) येतो. पहाटेच्या दवावर फवारणी करू नका, पात सुकू द्या.

डाळिंब: पाण्यात खंड पाडून एकदम भरपूर दिलं आणि रात्री गार पडल्या की फळ तडकतं. पाणी थोडं आणि नेमाने. पाऊस झाला तर तेल्या रोगाच्या (पानांवर, फळांवर तेलकट डाग) दृष्टीने बाग लगेच तपासा. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचे सल्ले यासाठी नेमाने वाचत जा.

ऊस: थंडीने साखरेचा उतारा वाढतो, पण नव्या लागणीची उगवण रेंगाळते. अवकाळीने रान चिबडलं की तोडणी थांबते आणि टोळी पुढच्या गावाला जाते. त्यामुळे नोंदीच्या तारखेआधीच फडापर्यंतची वाट नीट करून ठेवा.

द्राक्ष: सगळ्यात नाजूक. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीनंतर साधारण चाळीस दिवसांनी फुलोरा येतो. त्या वेळी पाऊस आला तर घडांची गळ, कूज आणि डाऊनी (केवडा) रोग. पाऊस न येता नुसतं ढगाळ राहिलं तर भुरी (पांढरी बुरशी). पुढे मण्यात पाणी उतरताना रात्री ८-९ आणि दुपारी ३० असा मोठा फरक पडला, तर पांढऱ्या जातींत मणी गुलाबी होतो. त्यावर उपाय म्हणून मणी मऊ पडायच्या आधी घडांना कागद लावतात. मणी गुलाबी झाल्यावर कागद लावून उपयोग नाही, रंग परत जात नाही. नान्नज, कासेगावकडच्या जाणत्या बागायतदारांना विचारा, ते कागदाची तारीख कॅलेंडर बघून नाही, घड हातात घेऊन ठरवतात.

७. कडाक्याची रात्र आली तर

वहीतल्या फरकावरून पारा १० खाली जाणार असं दिसलं, की दुपारनंतर तयारी करा.

पहिलं, हलकं पाणी. विहिरीचं, बोअरचं पाणी रात्रीच्या हवेपेक्षा कोमट असतं आणि ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते. रात्री उशिरा किंवा पहाटे ठिबक किंवा तुषारने थोडं पाणी द्या. शेतीची लाइट आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. पाळी आधीच बघा, नाहीतर नेमक्या रात्री मोटार बंद. मणी पक्व होत आलेल्या बागेत मात्र मोकळं पाणी सोडू नका, मणी तडकतात.

दुसरं, धूर. वाऱ्याच्या बाजूला, बांधावर, ओलसर काडीकचऱ्याच्या शेकोट्या पहाटे तीन-चारच्या सुमाराला पेटवा, कारण सगळ्यात गार वेळ सूर्योदयाच्या आसपास असते. संध्याकाळी पेटवून झोपी गेलात तर सरपण वाया. कडब्याच्या गंजीपासून लांब आणि माणूस राखणीला ठेवून.

गोठ्याला उत्तरेच्या अंगाने पोत्याचे पडदे लावा. वासरं आणि करडं कोरड्या जागी बांधा.

८. अवकाळी आणि गारपीट

हिवाळी पावसाला आपण "दोन थेंब" म्हणून सोडून देतो. तसं करू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये उपसागरातलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र आंध्रच्या किनाऱ्यावरून थेट आपल्यावर आलं आणि भीमेला पूर आला. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट तर काढणीला आलेल्या ज्वारी-गव्हावर पडली. फेब्रुवारीत थंडी ओसरली म्हणून अंदाज बघायचं थांबवू नका. काढणी, मोडणी, मळणी आणि बेदाण्याचे शेड, सगळं तेव्हाच उघड्यावर असतं.

उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली की पुढचे पाच-सहा दिवस रोज अंदाज बघा. काढलेली कणसं खळ्यावर असतील तर ढीग करून झाका, ताडपत्रीच्या कडा दगडांनी दाबा आणि भोवती चर काढा. कडबा भिजला की काळा पडतो आणि भाव जातो. विजा सुरू झाल्या की दामिनी बघा आणि झाडाखाली थांबू नका.

९. नुकसान झालं तर, आणि त्याच्या आधी

विमा आधी काढायचा असतो, ही साधी गोष्ट गडबडीत राहते. रब्बी पिकांचा विमा आणि हवामान आधारित फळपीक विमा यांचा हप्ता, मुदत आणि अटी शासन निर्णयानुसार बदलतात. म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका, तालुका कृषी कार्यालयात चालू वर्षाची अधिसूचना वाचा.

फळपीक विम्यात कमी तापमान आणि अवेळी पाऊस यांची भरपाई तुमच्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, तुमच्या तापमापकावर नाही. ते केंद्र कुठे आहे ते माहीत करून घ्या. गारपिटीचं जादा संरक्षण घेतलं असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते.

सरकारी मदतीसाठी पंचनामा लागतो आणि पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. पंचनामा होईपर्यंत रान साफ करू नका. करणं भागच असेल तर आधी तारीख आणि ठिकाण उमटेल असे फोटो काढा: एक लांबून बांधासकट, एक जवळून, एक गट क्रमांकाच्या खुणेसह. ई-पीक पाहणीत ज्वारी लिहिली आणि रानात हरभरा, असं असेल तर सगळं अडकतं. त्यामुळे पेरणी झाल्यावर मुदतीत स्वतः रानात उभं राहून पाहणी नोंदवा, आणि नोंद झाल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.